पेठ आणि प्रवासी : बंगळूरच्या बाजारातून दिसणारा इतिहास

१

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा ही प्रामुख्याने ‘पाहण्या’ची समीक्षा राहिली आहे. लेखकाने काय पाहिले, कोणत्या दृष्टीने पाहिले, पाहिलेल्याला शब्दरूप देताना त्याचे व्यक्तिमत्त्व कितपत उमटले, हे प्रश्न तिने आस्थेने विचारले. त्याच लेखकाने प्रवासात काय विकत घेतले, हा प्रश्न मात्र तिला वाङ्मयबाह्य वाटत आला. खरेदीचे प्रसंग प्रवासवर्णनांत येत नाहीत असे नव्हे. किंबहुना ते विपुल येतात. परंतु त्यांची जागा ठरलेली असते. देवालयाच्या शिखरासमोर लेखक गंभीर होतो, समुद्रकाठी काव्यात्म होतो आणि दुकानाच्या पायरीवर पाऊल ठेवताच विनोदी होतो. घासाघीस, फसगत, घरच्या मंडळींनी दिलेल्या याद्या, परतीच्या दिवशी न मिटणारी बॅग ही त्या विनोदाची ठरीव सामग्री. पाहणे हे संस्कृतीचे काम आणि विकत घेणे ही संसाराची उठाठेव, अशी ही अलिखित वाटणी आहे.

इतिहासाच्या कसोटीवर ही वाटणी टिकत नाही. उष्ण कटिबंधातील आशिया जगाला प्रथम ठाऊक झाला तो मिरी, लवंग, जायफळ, चंदन आणि सुती कापड यांच्या द्वारे. तेथील देवळे, राजवाडे आणि निसर्ग केवळ पाहण्यासाठी म्हणून माणसे येऊ लागली ती पुष्कळ नंतर. या भूभागात बाजार आधी आणि प्रेक्षणीय स्थळ मागाहून असाच क्रम आहे. बंगळूर हे शहर या दृष्टीने विशेष अभ्यसनीय ठरते. त्याची पेठ त्याच्या स्थापनेइतकीच जुनी आहे. ते शहर स्वतःच एकदा किंमत ठरवून विकले गेले आहे. आणि त्याला विकायला काढणारा हात मराठी होता. बंगळूरला येणारा मराठी प्रवासी त्या शहरात परका असतो, पण पुरता परका नसतो. त्याचे हे अर्धवट नाते नीट समजून घ्यायचे, तर राजवाड्याइतकेच बाजाराकडेही पाहावे लागते.

२

प्राचीन मराठी वाङ्मयातील प्रवासाची कल्पना तीर्थाशी निगडित आहे. महानुभाव पंथाच्या ‘स्थानपोथी’त श्रीचक्रधरांच्या वास्तव्याने पावन झालेल्या स्थळांची नोंद दिशा आणि अंतरे यांसह केलेली आढळते. गाव, देऊळ, मठ, ओटा यांचे इतके काटेकोर स्थलवर्णन त्या काळी अन्यत्र क्वचितच मिळेल. मात्र या नोंदीमागची प्रेरणा कुतूहलाची नसून स्मरणाची आहे. स्थान पाहायचे ते तेथे कोणी पाऊल ठेवले होते म्हणून. पुढील काळातील यात्रेकरूंचीही भूमिका तत्त्वतः हीच राहिली. तीर्थाहून आणायच्या वस्तूही ठरलेल्या असत : गंगेचे पाणी, अंगारा, प्रसाद, माळ. त्या विकत घेतल्या तरी त्यांना ‘खरेदी’ म्हणत नसत. घरी आणल्यावर त्यांचे मोल पैशात मोजले जात नसे.

तीर्थयात्रेखेरीज मराठी माणसाला घराबाहेर काढणाऱ्या आणखी दोन गोष्टी होत्या, चाकरी आणि दक्षिणा. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेले विष्णुभट गोडसे हे वरसईचे भिक्षुक घराबाहेर पडले ते संसाराला चार पैसे मिळावेत म्हणून. १९०७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘माझा प्रवास’ हा ग्रंथ आज मराठी गद्याचे लेणे मानला जातो, पण तो प्रवास मुळात द्रव्यार्जनाचा होता. केवळ पाहण्यासाठी प्रवास आणि केवळ आठवण म्हणून खरेदी, या दोन्ही कल्पना आपल्याकडे आधुनिक आहेत. रेल्वे, सुट्टी आणि पगारदार मध्यमवर्ग यांच्याबरोबर त्या रुजल्या. ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवली म्हणजे बंगळूरला गेलेल्या जुन्या मराठी माणसांचे हेतू समजणे सोपे जाते. त्यांच्यापैकी कोणीही तेथे ‘स्थळे पाहण्यासाठी’ गेले नव्हते.

३

केंपेगौडा या नायकाने १५३७ साली बंगळूरचा मातीचा कोट बांधला आणि त्याच्या आत पेठ वसवली. चार दिशांना चार नांगर धरून रस्त्यांच्या रेषा आखल्या, अशी लोककथा आहे. दोड्डपेट आणि चिक्कपेट, म्हणजे थोरली पेठ आणि धाकटी पेठ, हे त्या आखणीतील मुख्य रस्ते. त्यांपैकी दोड्डपेटेचा आज अॅव्हेन्यू रोड झाला आहे. चिक्कपेट मात्र आपले नाव राखून आहे. त्यांच्याभोवती व्यवसायांच्या पेठा उभ्या राहिल्या. अक्किपेट तांदळाची, बळेपेट बांगड्यांची, अरळेपेट कापसाची, उप्पारपेट मिठाची, गाणिगरपेट तेल्यांची, कुंबारपेट कुंभारांची. मराठी वाचकाला येथे सहजच पुणे आठवते. पुण्यातील कित्येक पेठांना वारांची नावे आहेत आणि बंगळूरच्या पेठांना वस्तूंची व कारागिरांची. एका शहराने आपली वस्ती दिवसांनी ओळखली, दुसऱ्याने हातांनी. ‘पेठ’ हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच, केवळ उच्चारात किंचित वेगळा.

१६३८ च्या अखेरीस आदिलशाही सरदार रणदुल्लाखान याच्या मोहिमेत बंगळूर केंपेगौडाच्या वंशजाकडून जिंकले गेले. त्या मोहिमेत असलेल्या शहाजीराजे भोसले यांना ते जहागीर म्हणून मिळाले. शहाजीराजांचा पुढील आयुष्याचा मोठा भाग कर्नाटकात गेला. १६४० नंतर काही काळ बालशिवाजीही जिजाबाईंसह तेथे होते. २३ जानेवारी १६६४ रोजी शिकारीत अपघात होऊन शहाजीराजांचे निधन झाले, तेही कर्नाटकातच; त्यांची समाधी होदिगेरे येथे आहे. त्यांच्या बंगळूरच्या दरबाराकडे गुणिजनांचा ओघ होता. त्या ओघातील सर्वांत बोलका पाहुणा म्हणजे जयराम पिंड्ये. शहाजीराजांच्या दातृत्वाची कीर्ती ऐकून हा कवी महाराष्ट्रातून बंगळूरला गेला आणि दरबारात बारा नारळ ठेवून आपल्याला बारा भाषांत कविता करता येते असे त्याने सूचित केले. त्याचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये दीर्घ प्रस्तावनेसह प्रसिद्ध केले. मूळ काव्य संस्कृत असून उत्तर भागात त्या दरबारात ऐकू येणाऱ्या अनेक देशी भाषांतील रचना आहेत.

या बारा नारळांचा प्रसंग वाङ्मयेतिहासात बहुधा कवीच्या विद्वत्तेचे प्रमाण म्हणून सांगितला जातो. तो तसा आहेच. परंतु तो त्या शहराचेही प्रमाण आहे. बारा भाषांचा कवी जेथे मान मिळवू शकतो, तेथे त्या भाषा समजणारे, निदान त्यांचे मोल जाणणारे श्रोते असले पाहिजेत. असे श्रोते एकट्या दरबाराने निर्माण होत नाहीत; ते बाजार निर्माण करतो. कन्नड शेतकरी, तेलुगू वणी, तमिळ विणकर, दखनी बोलणारा शिपाई आणि मराठी कारकून ज्या गल्लीत एकमेकांशी व्यवहार करतात, त्याच गल्लीच्या टोकाला असा दरबार शोभतो. जयरामाचे काव्य हे पेठेच्या बहुभाषिकतेचे दरबारी रूप होय, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. कवी स्वतः मात्र पेठेबद्दल फारसे बोलत नाही. त्याचे डोळे आश्रयदात्याकडे लागलेले आहेत. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही शहाजीराजांच्या बंगळुरातील वास्तव्याचा भाग येतो, तो नगरवर्णनाच्या संस्कृत संकेतांना धरून. संकेताला तट, प्रासाद आणि उद्याने लागतात. तांदळाचा भाव लागत नाही.

४

शहाजीराजांच्या पश्चात बंगळूर त्यांचे पुत्र एकोजी ऊर्फ व्यंकोजी यांच्याकडे राहिले. मल्लेश्वरम् येथील काडु मल्लेश्वराच्या देवळाला एकोजींनी १६६९ मध्ये दिलेल्या दानाचा शिलालेख आजही त्या काळाची साक्ष देतो. १८९८ च्या प्लेगनंतर शहराचा विस्तार झाला तेव्हा ज्या नव्या वस्त्या आखल्या गेल्या, त्यांतील एकीला या देवाचे नाव मिळाले. देवळासमोरून रोज भाजी घेऊन जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्या नावामागचा मराठी दाता ठाऊक असतो.

१६७६ च्या सुमारास एकोजींनी तंजावरला आपली गादी स्थापन केली. कावेरीच्या खोऱ्यातील समृद्ध राज्य हाती आल्यावर डोंगरपठारावरील दूरची जहागीर सांभाळणे अवघड आणि खर्चाचे झाले. म्हैसूरचे राजे चिक्कदेवराज वोडेयार शेजारीच होते आणि त्यांना बंगळूर हवे होते. तीन लाख रुपयांना शहर देण्याचे ठरले. हा सौदा पुरा होण्यापूर्वीच, जुलै १६८७ मध्ये, औरंगजेबाचा सरदार कासिमखान याने बंगळूर घेतले आणि पुढे ते ठरल्या रकमेलाच चिक्कदेवराजांच्या हवाली केले. म्हैसूरचा इतिहासकार विल्क्स याने हा व्यवहार नोंदवला आहे. विकणारा एक, विकून पैसे घेणारा दुसरा आणि किंमत मात्र पहिल्याने ठरवलेली, असा हा विलक्षण सौदा होय.

मराठी इतिहासलेखनाने या व्यवहाराकडे काहीशा संकोचाने पाहिले आहे. जिंकलेले आणि हरलेले किल्ले आपल्या बखरींना सांगता येतात; विकायला काढलेले शहर सांगणे जड जाते. पराक्रमाच्या भाषेत ‘सौदा’ या शब्दाला जागा नाही. वस्तुतः एकोजींचा निर्णय राजकारणदृष्ट्या अव्यवहारी नव्हता. तंजावरच्या मराठी राज्याने पुढे पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ साहित्य, नाट्य आणि संगीत यांची जी सेवा केली, तिच्यामागे कावेरीकाठी पाय रोवून बसण्याचा हा निर्धार होता. बंगळूर सोडायला तयार होऊन एकोजींनी तंजावर पक्के केले. प्रत्येक खरेदीला मागे राहिलेल्या गोष्टींची किंमत असते, हे बाजारातील प्रत्येक गृहिणीला ठाऊक असलेले सत्य राज्यांनाही लागू पडते.

५

शंभर वर्षांनी मराठे पुन्हा या प्रदेशात आले. मधल्या काळात म्हैसूरची सत्ता हैदर अलीच्या आणि मग टिपू सुलतानाच्या हाती गेली होती. १७९१ च्या मार्चमध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगळूरची पेठ आणि मग किल्ला घेतला. तेथून तो श्रीरंगपट्टणावर चालून गेला. पण पाऊस, रोगराई आणि दाणागोट्याचा तुटवडा यांमुळे मे अखेरीस त्याला आपल्या मोठ्या तोफा निकामी करून माघार घ्यावी लागली. उपासमारीच्या कड्यावर उभ्या असलेल्या त्या सैन्याला वाटेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी फौजा भेटल्या. इंग्रजांना त्या भेटीत सैनिकांपेक्षाही अधिक महत्त्वाची एक गोष्ट मिळाली : मराठी छावणीचा बाजार.

या बाजाराचे वर्णन विल्क्सने केले आहे आणि ते इंग्रजी इतिहासग्रंथांत पुन्हापुन्हा उद्धृत झाले आहे. त्याच्या सांगण्याचा आशय असा : विलायती बनात आणि बर्मिंगहॅमचे चाकू यांपासून काश्मिरी शालींपर्यंत, अस्सल हिऱ्यांपासून एखाद्या लुटल्या गेलेल्या गरीब खेडवळ मुलीच्या चांदीच्या कर्णभूषणापर्यंत, बैल, मेंढ्या, कोंबड्या यांपासून कोकणातील सुक्या मासळीपर्यंत सर्व काही तेथे विकायला होते. भाव अर्थात अव्वाच्या सव्वा होते. भुकेल्या गिऱ्हाइकाशी घासाघीस करण्याचे विक्रेत्याला कारण नव्हते. सराफांची दुकाने होती, कारागीर होते. कूच झाले की हे सारे शहर बैलांवर लादून पुढल्या मुक्कामाला निघे.

मराठी वाचकाने या वर्णनाकडे कसे पाहावे? अभिमानाने पाहण्याजोगे त्यात काही आहे. उत्तरेपासून कोकणापर्यंतचा माल एका चालत्या पेठेत आणण्याची संघटना, वंजाऱ्यांच्या तांड्यांचे जाळे, सराफीची व्यवस्था, हे सारे अठराव्या शतकातील मराठी अर्थव्यवहाराचे सामर्थ्य दाखवते. ज्या प्रशिक्षित सैन्याला आपल्या तोफा ओढणे अशक्य झाले होते, त्याला या बाजाराने जगवले. परंतु त्याच वाक्यात ते चांदीचे कर्णभूषण आहे. ते विकत आलेले नाही, ओरबाडलेले आहे. हिरा आणि ते कर्णभूषण एकाच गालिच्यावर ठेवले गेले की दोघांनाही भाव मिळतो आणि कोणाच्या कानातून काय आले हे कोणी विचारीत नाही. त्याच १७९१ मध्ये परशुरामभाऊंच्या फौजेतील स्वारांनी व पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. मठाच्या जीर्णोद्धारासाठी साहाय्य देणारी टिपूची कन्नड पत्रे १९१६ मध्ये मठातच सापडली, हे आता सर्वज्ञात आहे. स्वकीयांनी लुटलेला मठ परधर्मीय सुलतानाने सावरावा, ही गोष्ट आपल्या इतिहासकथनाच्या ठरीव साच्यात बसत नाही; म्हणून ती कमी सांगितली जाते.

बंगळूरच्या संदर्भात मराठी स्मृती निवडक राहिली आहे ती या ठिकाणी. शहाजीराजांचा दरबार तिने जपला, कारण तो पाहण्याजोगा होता. एकोजींचा सौदा आणि परशुरामभाऊंच्या छावणीतील गालिचा तिने दृष्टीआड केला. तिला दरबार हवा आहे, बाजार नको आहे. परंतु इतिहास दरबारापुरता ठेवला की त्याचे प्रेक्षणीय स्थळ होते; तो समोर दिसत राहतो, पण काही विचारीत नाही.

६

टिपूच्या पाडावानंतर वर्षभरात, १८०० साली, फ्रान्सिस बुकॅनन हा वैद्य आणि वनस्पतिशास्त्रज्ञ कंपनी सरकारच्या आज्ञेने मद्रासहून निघून म्हैसूर, कानडा आणि मलबार हिंडला. १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात बंगळूरच्या पेठेची जी माहिती येते, तिच्यामागे स्तुतिपाठकाची दृष्टी नाही, मोजदाद करणाऱ्याची आहे. कोणते कापड कोण विणतो, रंग कसा देतात, कोणता माल कोठून येतो आणि कोठे जातो, हे तो चिकाटीने विचारतो. टिपूने शेजारच्या मुलखांशी व्यापार तोडल्यामुळे पेठेला आलेली अवकळा आणि युद्धानंतर परतू लागलेले व्यापारी यांची तो नोंद करतो. पुण्याकडील गोसावी व्यापारी शाली, केशर आणि कस्तुरी आणतात, हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. फौजा गेल्या तरी व्यापारी येतच राहिले. मराठी मुलूख आणि बंगळूर यांचा जो संबंध तलवारीने टिकला नाही, तो केशराच्या पुडीने टिकवला.

बुकॅननची दृष्टी निर्हेतुक नव्हती. नव्याने जिंकलेल्या मुलखातून काय मिळवता येईल हे सत्ताधाऱ्यांना कळावे, यासाठी त्याची नेमणूक झाली होती. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते : वस्तूमागचा हात त्याने पाहिला. आपल्या परंपरेतील कवींनी जे पाहण्याचे टाळले, ते एका परक्या हिशेबनीसाने लिहून ठेवले. आज बंगळूरच्या विणकरांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला चंपूकाव्यापेक्षा या रुक्ष ग्रंथाचा आधार अधिक घ्यावा लागतो.

बंगळुरात प्रेक्षणीय स्थळे निर्माण झाली तीही बाजारापासून पूर्णतः अलग नव्हती. हैदर अलीने १७६० मध्ये घातलेला लालबाग पुढे १८५६ मध्ये सरकारी वनस्पतिउद्यान झाला. तेथील काचघराची पायाभरणी १८८९ ची. फुलाफळांच्या प्रदर्शनांची ती जागा. प्रवासी आज तेथे फुले पाहायला जातो. परंतु वसाहतकालीन वनस्पतिउद्यान हे केवळ रंजनासाठी नसे. कोणते परदेशी पीक येथे तगेल आणि विकले जाईल, याची ती प्रयोगशाळा असे. मेक्सिकोकडील चौचौ ही वेलीवरची भाजी बंगळूर परिसरात इतकी रुजली की तमिळमध्ये तिला ‘बंगळूरचे वांगे’ या अर्थाचे नाव पडले. बागेत पाहिलेली गोष्ट अशा रीतीने मंडईत आली आणि मंडईतून भाषेत शिरली.

१८०९ मध्ये इंग्रजांनी लष्करी छावणी वसवल्यावर शहराची दोन शहरे झाली. जुन्या पेठेत कन्नड, तेलुगू, मराठी. छावणीत तमिळ, उर्दू, इंग्रजी. एकीकडे १९२१ ची कृष्णराजेंद्र मंडई, दुसरीकडे १९२७ चे रसेल मार्केट. आणि मध्ये कब्बन पार्कची हिरवी सीमा. १९४९ मध्ये दोन्ही नगरपालिका एकत्र आल्या, तरी प्रवाशाला हा भेद अजून जाणवतो. पेठेतील मराठी मात्र दरबारी मराठी नव्हे. परंपरेने रंगारी व शिवणकाम करणारे भावसार, नामदेव शिंपी अशा समाजांनी ती घराघरांत जपली आहे. तिच्यात कन्नडचे हेल आहेत, क्रियापदांची ठेवण वेगळी आहे. पुण्याहून गेलेल्या पाहुण्याला ती ‘अशुद्ध’ वाटते. खरे तर शहाजीराजांच्या दरबाराचा एकही चौक आज जसाच्या तसा उभा नसताना, कापड मोजणाऱ्या आणि सुई चालवणाऱ्या माणसांच्या तोंडी ही बोली जिवंत आहे. मराठी प्रवाशाला बंगळुरात पाहण्याजोगे मराठी स्मारक कोणते, असा प्रश्न केला तर त्याचे उत्तर कदाचित ‘ऐकण्याजोगे’ असेच द्यावे लागेल.

बंगळूरहून घरी आणायच्या वस्तूंचाही इतिहास आहे. चंदनाचा साबण ही त्यांतील सर्वांत साधी वस्तू. पहिल्या महायुद्धात युरोपकडे जाणारी चंदनाची निर्यात अडली आणि म्हैसूर संस्थानात लाकडाचे ढीग पडून राहिले. तेव्हा महाराज नाल्वडी कृष्णराज वोडेयार आणि दिवाण मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांच्या पुढाकाराने तेल येथेच गाळण्याचा उद्योग १९१६ मध्ये सुरू झाला आणि त्यातून पुढे साबणाचा कारखाना उभा राहिला. प्रवाशाच्या पेटीतील तो सुवास एका दूरच्या युद्धाचा परिणाम आहे. रेशमाचेही तसेच. जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगळुरात जपानी पद्धतीने रेशीमपैदाशीचा प्रयोग केला; बसवनगुडीजवळच्या एका भागाला अजूनही टाटा सिल्क फार्म हेच नाव आहे. चन्नपट्टणची लाखकाम केलेली लाकडी खेळणी हाती घेताना सावंतवाडी आठवणारा मराठी प्रवासी विरळा नसेल. पण दोन्हींकडे कातारी फिरवणारा हात एकाच प्रकारच्या अडचणीत आहे, हे त्याच्या ध्यानी येतेच असे नाही.

७

बंगळूरचे हे उदाहरण दक्षिणपूर्व आशियाच्या प्रवासालाही लागू पडते. गंगाधर गाडगीळांचे ‘गोपुरांच्या प्रदेशात’ हे पुस्तक मराठी वाचकाला दक्षिण भारतात घेऊन गेले. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंग’ने सिंगापूर, बाली, जपान त्याच्या घरात आणले. त्या काळी परकीय चलनाचे निर्बंध कडक होते. परदेशी गेलेल्या भारतीयाला खरेदी करताना प्रत्येक नाणे मोजावे लागे. म्हणून त्या पिढीच्या लेखनात दुकान हे बहुधा काचेपलीकडचे जग असते. १९९१ नंतर निर्बंध सैल झाले, सहलकंपन्यांचे युग आले आणि सिंगापूर, बँकॉक, बाली ही नावे मराठी मध्यमवर्गाला महाबळेश्वराइतकी परिचित झाली. सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘स्थलदर्शन’ आणि ‘खरेदी’ यांना आता स्वतंत्र वेळ नेमून दिलेला असतो. समीक्षेतील जुनी वाटणी आता घड्याळाने पक्की केली आहे.

अशा बाजारात बाटिकचे कापड हाती घेणाऱ्या प्रवाशाला आपण परकी वस्तू घेतो आहोत असे वाटते. परंतु जावाच्या बाटिकमधील काही नक्ष्यांमागे गुजरातच्या पटोळ्याची प्रेरणा आहे. भारतीय सुती कापड शतकानुशतके त्या बेटांवर जात असे आणि त्याच्या बदल्यात मसाले येत. सुलावेसीतील तोराजा लोकांनी अशी काही भारतीय वस्त्रे कुळाचा ठेवा म्हणून पिढ्यानपिढ्या जपली, विधींत वापरली. त्यांतील काहींचे वय सहाशे वर्षांच्या घरात जाते. विकणारा विसरला आणि घेणाऱ्याने लक्षात ठेवले. खरेदी ही नेहमीच उथळ असते, या समजाला यापेक्षा समर्पक उत्तर मिळणे कठीण.

उलट दिशेचेही उदाहरण आहे. १९२७ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जावा आणि बालीला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर चित्रकार सुरेंद्रनाथ कर होते. तेथील बाटिक त्यांनी केवळ पाहिले नाही. त्याची रीत समजून घेतली आणि ती शांतिनिकेतनात रुजवली. पाहणे, विकत घेणे आणि शिकणे या तिन्ही क्रिया येथे एका ठिकाणी आल्या. प्रवासाची याहून मोठी फलश्रुती संभवत नाही.

१ नोव्हेंबर २०१४ पासून या शहराचे अधिकृत नाव बेंगळूरु झाले आहे. मराठीच्या वळणात ते बंगळूरच राहिले. २०१७ पासून चिक्कपेटेच्या खालून मेट्रो धावते. वर मात्र गल्ल्या तशाच अरुंद आहेत आणि गाठोडी डोक्यावर घेतलेली माणसे तशीच वाट काढतात. चैत्रातल्या पौर्णिमेच्या रात्री धर्मरायाच्या देवळातून निघणारा करग याच गल्ल्यांतून फिरतो आणि तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यालाही भेट देतो. त्या रात्री बाजार हेच दर्शन असते. इतर दिवशी ते दिसण्यासाठी प्रवाशाला थोडे थांबावे लागते. साडीची घडी उलगडणाऱ्या दुकानदाराला, ती कोणी विणली, असा एक प्रश्न विचारावा लागतो. उत्तर मराठीतून आले तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. मराठी प्रवासवर्णनाने आता हा प्रश्न विचारायला हवा आणि त्याचे उत्तर, त्यातील त्या चांदीच्या कर्णभूषणासकट, लिहून ठेवायला हवे.